आता माझा माले जीव

‘आता माझा माले जीव’ ही खानदेशातील कवयित्री बहिणाबाई नथूजी चौधरी (२४ ऑगस्ट १८८० – ३ डिसेंबर १९५१) यांची कविता आहे. ती ‘बहिणाबाईंची गाणी’ या संग्रहात समाविष्ट असून पतीच्या निधनानंतर एका शेतकरी स्त्रीने स्वतःच्या मनाची घातलेली समजूत हा तिचा विषय आहे. वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी बहिणाबाईंना वैधव्य आले. त्यानंतरची चार दशके त्यांनी जळगावात शेती आणि घर सांभाळत व गाणी रचत काढली. शोक, समाजाची कीव आणि नशिबाची भीती यांना ओलांडून स्वतःच्या कर्तृत्वावर उभे राहण्याचा निर्धार या कवितेत व्यक्त झाला आहे. त्यामुळे बहिणाबाईंचे जीवन आणि काव्य यांतील संबंध समजून घेण्यासाठी ती महत्त्वाची मानली जाते.

शीर्षक आणि भाषा

‘माले’ म्हणजे ‘मला’. ‘आता मला माझ्याच जिवाचा आधार’ असा शीर्षकाचा आशय आहे. ही कविता जळगाव परिसरातील लेवा गणबोलीत आहे. धुळे आणि आसपासच्या भागात बोलली जाणारी अहिराणी आणि ही बोली यांत काही साम्ये असली, तरी दोन्ही बोली वेगळ्या आहेत. लेवा गणबोलीत प्रमाण मराठीतील ‘ला’ या प्रत्ययाच्या जागी ‘ले’ येतो आणि ‘ळ’चा उच्चार बहुधा ‘य’ असा होतो. म्हणून ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा, तर ‘गळा’ हा शब्द ‘गया’ असा ऐकू येतो. कवितेतील ‘करतूत’ या शब्दाला हिंदीतल्यासारखी निंदेची छटा नाही. येथे त्याचा अर्थ ‘कर्तृत्व’ किंवा ‘काम करण्याची धमक’ असा आहे.

बहिणाबाईंच्या बहुतेक गाण्यांप्रमाणे या कवितेची रचना ओवीच्या वळणाची आहे. प्रत्येक कडव्यात साधारण आठ अक्षरांचे चार चरण असतात आणि दुसऱ्या व चौथ्या चरणांत यमक साधलेले असते. ही रचना पाठ करायला आणि जात्याच्या फेऱ्यांबरोबर म्हणायला सोपी आहे.

चरित्रात्मक पार्श्वभूमी

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळील असोदे या गावी महाजन कुटुंबात नागपंचमीच्या दिवशी झाला. वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे भिमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी असे त्यांचे भरलेले माहेर होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतीकाम, सणवार, कीर्तन आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या ओव्या हेच त्यांचे शिक्षण होते. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावचे नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळात खानदेश हा मुंबई इलाख्यातील एकच मोठा जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग करण्यात आले. जळगाव हे पूर्व खानदेशाचे, तर धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले. कापसाच्या व्यापाराने आणि रेल्वेने जळगावचे शहरात रूपांतर होत होते. १८९६ पासून मुंबई इलाख्यात पसरलेल्या प्लेगची छायाही याच वर्षांवर होती. त्या रोगाने बहिणाबाईंचा मुलगा ओंकार याला कायमचे अपंगत्व आले.

नथूजींच्या निधनानंतर ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे व काशी ही मुलगी यांची जबाबदारी बहिणाबाईंवर आली. पुढे कवी म्हणून प्रसिद्धीस आलेले सोपानदेव चौधरी (१९०७–१९८२) तेव्हा अगदी लहान होते.

तत्कालीन समाजातील विधवेचे स्थान

कवितेचा आशय समजण्यासाठी त्या काळातील वैधव्याच्या रूढी लक्षात घ्याव्या लागतात. पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात आणि मंगळसूत्र तोडले जाई. हे विधी इतर बायकांच्या देखत होत. हळदीकुंकू, लग्नकार्य, ओटी भरणे अशा मंगल प्रसंगी तिला पुढे होता येत नसे. खानदेशात अक्षय्य तृतीयेचा सण ‘आखाजी’ म्हणून मोठ्या उत्साहाने साजरा होतो. त्या वेळी सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. बहिणाबाईंनी आखाजीवरही गाणे रचले आहे. स्त्रीच्या आनंदाचे असे बहुतेक प्रसंग सौभाग्याशी जोडलेले असल्याने पतीबरोबर तिचे समाजातील स्थानही हिरावले जाई.

कायद्यानेही विधवेला फारसा आधार नव्हता. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली होती, पण पुनर्विवाह केल्यास पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क ती गमावत असे. अविभक्त कुटुंबातील पतीचा हिस्सा विधवेकडे येत नसे. तिला केवळ निर्वाहाचा हक्क असे. या स्थितीत १९३७ च्या कायद्याने काही बदल झाला आणि पूर्ण मालकीहक्क १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मिळाला. बहिणाबाईंचे निधन त्यापूर्वीच झाले होते. शेतकरी समाजातील विधवेला शेतात राबण्याची मुभा होती, किंबहुना ती सक्तीच होती. मात्र ज्या जमिनीत ती राबे त्या जमिनीवर तिचे नाव बहुधा नसे.

बहिणाबाईंनी दुसरा संसार मांडला नाही. मुले, घर आणि शेत हाच त्यांचा पुढचा संसार झाला.

कवितेचा आशय

कवितेची सुरुवात अश्रूंनी होते. रडून रडून डोळ्यांतले पाणी संपते आणि मागे हुंदके तेवढे उरतात. येथे शोक लपवलेला नाही आणि त्याची घाईने समजूतही घातलेली नाही. त्यानंतर कवयित्री धरणीमातेला एक प्रश्न विचारते. झाड निघून गेले असताना त्याची सावली मागे कशी राहिली? पती हे झाड आणि आपण त्याची मागे उरलेली सावली, अशी ही प्रतिमा आहे. झाडाशिवाय सावली असू शकत नाही. त्यामुळे स्वतःचे असणेच तिला या क्षणी अनाकलनीय वाटते. आधाराबरोबर ‘आपण कोण’ या प्रश्नाचे उत्तरही नाहीसे झाल्याची ही अवस्था आहे.

कवितेला वळण मिळते ते मुलांच्या दर्शनाने. पती देवाघरी गेला, पण जाताना ठेव ठेवून गेला. डोळ्यांसमोर दोन मुलगे आहेत. येथून कवयित्री स्वतःच्या जिवाशी बोलू लागते. रडण्याची सवय लागलेल्या जिवाला ती रडण्यालाच थोडे हसवायला सांगते.

पुढील भागात वैधव्याच्या तिन्ही विधींचा क्रमाने उल्लेख येतो आणि प्रत्येक विधीनंतर शिल्लक राहिलेली एक गोष्ट सांगितली जाते. कुंकू पुसले गेले तरी गोंदण उरले आहे. बांगड्या फुटल्या तरी मनगटात कर्तृत्व आहे. मंगळसूत्र तुटले तरी गळ्याची शपथ कायम आहे. ही मांडणी कवितेचा गाभा आहे. कुंकू, बांगड्या आणि मंगळसूत्र ही अंगावर चढवलेली आणि म्हणून काढून घेता येण्याजोगी चिन्हे आहेत. गोंदण कातडीत उतरलेले असते, बळ मनगटात असते आणि शब्द गळ्यात असतो. ते दुसऱ्या कोणाला काढून घेता येत नाही. मेल्यावर माणसाबरोबर केवळ गोंदण जाते, अशी ग्रामीण महाराष्ट्रात समजूत आहे. ती ध्यानात घेतल्यास या प्रतिमेची निवड अधिक अर्थपूर्ण ठरते.

याच गोंदणाने आपण नशिबाला आवतण देऊ, असेही कवयित्री म्हणते. शुभकार्याचे आवतण कुंकू लावून देण्याची रीत आहे. ज्या बाईला कुंकवाचा अधिकार राहिलेला नाही, ती गोंदणाच्या बळावर नशिबालाच बोलावणे धाडते, असा या ओळींचा अर्थ लावता येतो.

शेवटी ती जमलेल्या आयाबायांना आपली कीव न करण्याची विनंती करते. सांत्वनाला आलेल्या बायकांविषयी तिच्या मनात राग नाही. परंतु ‘बिचारी’ ही नवी ओळख ती स्वीकारत नाही. आपले समाधान झाले असून आता आपल्याला आपलाच जीव आहे, या उद्गाराने कविता संपते.

समान विषयावरील इतर रचना

‘लपे करमाची रेखा’ ही कविता याच अनुभवाची दुसरी बाजू दाखवते. कपाळावरची कर्मरेषा कुंकवाखाली लपलेली होती, कुंकू पुसले गेले आणि ती उघडी पडली, अशी तिची सुरुवात आहे. पुढे हात पाहायला आलेल्या जोतिष्याला कवयित्री परत पाठवते. तळहातावरच्या रेघोट्या म्हणजे नशीब नव्हे, असे ती त्याला सुनावते. दोन्ही मुले सुखी राहावीत एवढेच तिचे देवाकडे मागणे आहे आणि आपले सगळे नशीब त्यात आले, असे तिचे म्हणणे आहे. आपले दैव आपल्याला कळते, तेव्हा जोतिष्याने दारी येऊ नये, असा समारोप होतो. वैधव्याला स्त्रीच्या पूर्वकर्माचे फळ मानणाऱ्या काळात हे उत्तर धीटपणाचे होते.

‘संसार’ या सर्वपरिचित कवितेत संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा आहे. भाकरी मिळण्याआधी हात भाजतो, हा रोजच्या स्वयंपाकातला अनुभव तेथे जीवनाचा नियम म्हणून येतो. सुगरण पक्ष्याच्या खोप्यावरील गाण्यात पिलांसाठी झाडाला टांगलेल्या घरट्याचे कौतुक आहे. हात नसलेला पक्षी केवळ चोचीने एवढे काम करतो, तर माणसाला दोन हात आणि दहा बोटे दिलेली आहेत, याची ते आठवण करून देते. या रचना थेट वैधव्यावरच्या नाहीत. तथापि हाताच्या कर्तृत्वावरची श्रद्धा हा त्यांना ‘आता माझा माले जीव’शी जोडणारा धागा आहे.

श्रम आणि गाणे

बहिणाबाईंचे काव्य कामाबरोबर जन्मले. पेरणी, कापणी, रगडणी आणि उपणणी या शेतीच्या कामांवर त्यांची स्वतंत्र गाणी आहेत. खानदेशात जात्याला ‘घरोट’ म्हणतात. त्यावरील गाण्यात दळण आणि ओवी यांचे नाते सांगितलेले आहे. जात्यावर बसलेल्या बाईला पहाटेच्या त्या वेळी कोणी अडवणारे नसते. सासर, माहेर, दुःख आणि देव यांविषयी मोकळेपणाने बोलण्याची ती जागा होती. संत जनाबाईंच्या नावे असलेल्या अभंगांपासून अनाम स्त्रियांच्या ओव्यांपर्यंत मराठीत ही परंपरा दीर्घ आहे.

वैधव्यानंतर मंगल प्रसंगांचे दरवाजे मिटले, तरी शेत आणि घरोट यांचे दरवाजे उघडे राहिले. त्या दोन ठिकाणी बहिणाबाईंनी आपले बोलणे चालू ठेवले. त्यांच्या गाण्यांत बी मातीत गाडले जाते व अंकुरून वर येते, मळणीनंतर वाऱ्यावर भूस उडते व दाणे खाली राहतात. नष्ट होणे आणि उरणे यांचा हिशोब त्या शेतकऱ्याच्या डोळ्यांनी मांडतात. कुंकू गेल्यावर गोंदण उरते, हा विचारही त्याच जातीचा आहे.

समकालीन स्त्रियांच्या संदर्भात

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी अनेक मराठी स्त्रियांनी वैधव्यानंतर नवे जीवनकार्य उभे केले. पंडिता रमाबाईंना १८८२ मध्ये वैधव्य आले आणि १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. न्यायमूर्ती रानडे यांच्या १९०१ मधील निधनानंतर रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम उभारले आणि आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाने अनेक विधवांना शिक्षणाची वाट दाखवली. १९१९ मध्ये नारायण वामन टिळकांचे निधन झाल्यावर लक्ष्मीबाई टिळक यांनी त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली.

या स्त्रियांना शिक्षण, संस्था, मुद्रित शब्द किंवा सुधारकांचा सहवास यांपैकी काही ना काही लाभले होते. बहिणाबाईंना यांतले काहीच उपलब्ध नव्हते. त्यांनी संस्था काढली नाही, चळवळीत भाग घेतला नाही आणि आपल्या गाण्यांना साहित्य म्हणून पुढे आणले नाही. मुंबई-पुण्यातील सुधारणेचे वारे जेथे पोहोचले नव्हते, अशा घरांतील असंख्य विधवांनी आपापले आयुष्य कसे सावरले असेल, याची कल्पना देणारे जे थोडे साहित्य मराठीत आहे, त्यात या कवितेचा समावेश होतो.

लेखन आणि प्रकाशन

गाणी तोंडी रचली जात असल्याने त्यांतील पुष्कळशी हवेत विरून गेली. जी उरली ती सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी उतरवून घेतल्यामुळे. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ही गाणी आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखवली. अत्रे यांनी त्यांचे मोल तत्काळ ओळखून ती प्रकाशित करण्याचा आग्रह धरला. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. पुढे निघालेल्या आवृत्त्यांत आणखी काही गाण्यांची भर पडली.

बहिणाबाईंनी जळगावातील छापखान्यावरही एक गाणे रचलेले आहे. कागदावर शब्द उमटवणाऱ्या यंत्राचे त्यात कुतूहल आहे. त्यांची स्वतःची गाणी मात्र त्यांच्या पश्चात छापली गेली. ‘कवयित्री’ म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले तेव्हा त्या हयात नव्हत्या.

आशयाविषयी काही मुद्दे

या कवितेचे वाचन करताना दोन टोके टाळणे आवश्यक ठरते. पहिले टोक तिला बंडाची कविता ठरवण्याचे आहे. कवयित्री कुंकू पुसण्याच्या किंवा बांगड्या फोडण्याच्या रूढीला थेट विरोध करत नाही. विधी झाल्यानंतरच्या स्थितीतून ती बोलते आणि त्या विधींनी आपले सर्वस्व नेले, हे मानायला नकार देते. दुसरे टोक तिला केवळ सोशिकतेचे उदाहरण मानण्याचे आहे. कीव नाकारणे, जोतिष्याला परत पाठवणे आणि नशिबाला स्वतः आवतण देणे या गोष्टी निमूट सोसण्यात बसत नाहीत.

दुःखामुळे बहिणाबाई कवयित्री झाल्या, असे सरळ समीकरणही मांडता येत नाही. ओवीची परंपरा, निरीक्षणशक्ती आणि विनोदबुद्धी त्यांच्याजवळ होतीच. सण, पाऊस, पीक, शेजारीपाजारी आणि माणसांच्या तऱ्हा यांवरील त्यांच्या गाण्यांत भरपूर खेळकरपणा आहे. वैधव्याने हे गुण दिले नाहीत आणि ते हिरावूनही घेतले नाहीत. पतीचा शोक कवितेच्या अखेरीस संपलेला नाही. गळ्याची शपथ उरली आहे, म्हणजेच त्याच्याशी असलेले नातेही उरले आहे. ते नाते सोबत घेऊनच ती पुढच्या कामाला लागते.

वारसा

‘बहिणाबाईंची गाणी’तील कविता शालेय पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांपर्यंत पोहोचल्या. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटात त्यांच्या गाण्यांचा वापर झाला आणि ती घरोघरी ऐकली जाऊ लागली. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात त्यांच्या स्मृती जतन करणारे संग्रहालय असून त्यांच्या वापरातील वस्तू तेथे पाहता येतात. जळगाव येथे १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीचे नाव आज या विद्यापीठाच्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर असते.

कवितेतील प्रश्नही अद्याप पूर्णपणे भूतकाळात गेलेला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही या ठरावाचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठरावातील पहिल्या तीन प्रथा बहिणाबाईंच्या कवितेत त्याच क्रमाने आलेल्या आहेत.